आतलं कोण बघतंय?

शर्टाच्या कॉलरच्या पोटात काय असतं हे न कळताही माणूस नोकरी करतो, लग्न करतो, बढती मिळवतो आणि शेवटी त्याच कॉलरवर शाल पांघरून सेवानिवृत्तीचा सत्कार घेतो. कॉलर ताठ राहिली याचं श्रेय तो स्वतःच्या मानेला देतो. आत बकरम आहे हे फक्त शिवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि शिवणाऱ्याला सत्काराचं आमंत्रण नसतं.

आम्हा मंडळींचं या आतल्या गोष्टींशी कधी जमलंच नाही. बाहेरचं कापड घ्यायचं तर आम्ही लक्ष्मी रोड दोन्ही बाजूंनी पालथा घालू, पोत चोळून बघू, ठाण उचलून दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन रंग बघू. आत घालायच्या वस्तूला पैसे मोजायची वेळ आली की मात्र पर्सची चेन अडकते. दिसणार नाही त्याला पैसे? हा प्रश्न आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आणि त्याचं उत्तर माळ्यावर मिळतं. आमच्याकडे ब्लाउजचं अस्तर जुन्या परकराचं, उशीत त्याआधीच्या उशीचा कापूस आणि गोधडीच्या पोटात आज्या-पणज्यांच्या साड्या. गोधडीनं तर कमालच केली. तिच्यात आतलं आणि बाहेरचं असा भेदच नाही. जुन्यावर जुनं, त्यावर जुनं, आणि धावदोरा घालून सगळ्यांना एकत्र नांदायला लावायचं. एक पैसा खर्च नाही आणि वस्तू दोन बाळंतपणं सहज काढते. असा इतिहास पाठीशी असल्यावर बाजारात जाऊन मीटरच्या भावानं ताठपणा विकत घेणं हे आम्हाला उधळपट्टीच वाटणार.

त्यात भाचीचा निरोप आला. ती न्यू जर्सीत असते. डिसेंबर लागला की तिच्या गल्लीत दारोदारी हिरव्या डहाळ्यांची गोल रीथ लटकतात, लाल फीत बांधलेली. तिलाही दारावर तसंच काही हवं होतं, पण खणाचं. नमुना म्हणून तिनं फोटो पाठवला. चौकोनी तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या, एकीच्या खांद्यावर दुसरी चढलेली, अशी गोलाकार रांग आणि मध्ये मोकळं. खाली लिहिलं होतं, 'मावशी, तुझ्यासाठी तर हा डाव्या हातचा मळ!' ज्यांनी मशीनवर कधी टीप मारलेली नसते त्यांना शिवणातलं सगळंच डाव्या हातचा मळ वाटतं.

कल्पना मात्र मला आवडली. खण मूळचा उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, पण महाराष्ट्रातल्या ओट्यांमध्ये पडून पडून तो इथलाच झाला. ओटीच्या खणाची घडीही त्रिकोणीच घालतात, म्हणजे या कापडाला त्या आकाराची सवय आहेच. शिवाय वर पुण्याची पगडी बघा. कापडाच्या घड्या एका घट्ट पायावर गोल बसवायच्या आणि टाचून पक्क्या करायच्या, हेच तिचं शास्त्र. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. तेव्हा भाचीनं अमेरिकेतून मागवलेली वस्तू म्हणजे मधे डोकं नसलेली पगडीच होती. प्रश्न उरला तो पायाचा. आत काय घालायचं?

सासूबाईंचा आक्षेप आणखी मुळाशी होता. 'तोरण आडवं असतं आणि चौकटीला असतं. दाराच्या छातीवर गोल कसलं?' मग थोडा विचार करून त्यांनी स्वतःच सूट दिली. 'असू दे. तिकडे चौकटीपर्यंत हात पोचत नसतील.'

आत काही न घालता हे गोल टांगलं तर काय होतं, ते सांगते. खाली, म्हणजे घड्याळात सहा वाजतात तिथल्या पाकळ्या आपल्या वजनानं छान सरळ लोंबतात. तीन आणि नऊच्या पाकळ्या तिरक्या होऊन एकमेकींशी कुजबुजायला लागतात. आणि बारा वाजतात तिथल्या पाकळ्यांना सबंध दिवस वर मान करून उभं राहायचं असतं, तेव्हा आधी त्यांचेच बारा वाजतात. त्या पुढे कोसळतात आणि दार उघडणाऱ्याकडे मान टाकून बघत राहतात. म्हणजे एकाच वस्तूत एका ठिकाणी भरपूर आधार हवा, दुसऱ्या ठिकाणी थोडा आणि तिसऱ्या ठिकाणी मुळीच नको. हे नीट समजून घ्यायच्या आतच घरात समिती बसली.

सासूबाईंनी कपाटावरून त्यांच्या गुडघ्याचे एक्स-रे काढले. 'हे घाल. धुतलं तरी काही होत नाही.' एक्स-रेची फिल्म आमच्याकडे टाकत नाहीत. तिचे गळ्याचे साचे होतात, रांगोळीचे छाप होतात, ग्रहणात तिच्यातून सूर्य बघू नये असं वर्तमानपत्रं दर वेळी बजावतात म्हणून तेवढं एक होत नाही. फिल्म पॉलिस्टरची असते, पाण्याला दाद देत नाही, वाकवली तर परत सरळ होते. वाचताना वाटेल, झालं की काम. पण तिच्यातून मशीनची टीप नेली की सुईच्या भोकांची सलग रांग पडते आणि फिल्म त्या रेषेवर टपाल तिकिटासारखी टरकन सुटते. हाच दोष लग्नपत्रिकांमध्ये, आणि पत्रिका आमच्याकडे इतक्या आहेत की त्यातली निम्मी जोडपी आता आजी-आजोबा झाली आहेत. पुठ्ठ्याला आणखी एक खोड असते. एकदा मोडला की ती घडी तो जन्मात विसरत नाही.

आमच्या घरातले अभियंते निवृत्त असले तरी समितीत कायम सदस्य आहेत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर आकृती काढली, बाण दाखवले आणि ॲल्युमिनियमची तार सुचवली. 'आणि ती सुईखाली आली तर?' असं विचारल्यावर त्यांनी 'तो प्रॉडक्शनचा प्रश्न आहे' असं सांगून पेपर पुढे वाचायला घेतला.

शेजारच्या काकूंनी तर प्रयोगच केला. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा साड्यांच्या दुकानांतून 'कापडी' म्हणून ज्या पिशव्या हातात पडायला लागल्या, त्यांचा काकूंकडे डोंगर आहे. ठिपक्याठिपक्यांची, न विणलेली, हाताला जरा करकरीत. हे दिसायला थेट पेस्टिंगच, म्हणजे आतून इस्त्रीनं चिकटवतात ते, आणि वर फुकट, म्हणून काकूंनी पिशवी कापून दोन कापडांमध्ये ठेवली आणि वरून सुती कापडाची इस्त्री फिरवली. आता ती पिशवी असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सभ्य कपड्यांतलं प्लास्टिकच. एकशे साठ अंशांच्या आसपास ती वितळते, आणि सुतीवर लावलेली इस्त्री दोनशेच्या घरात जाते. पिशवी विरघळली, कापडातून झिरपली आणि इस्त्रीच्या तळाला जाऊन बसली. त्यातून दुकानाच्या नावाची दोन अक्षरं मात्र कापडावर स्पष्ट उमटली. काकूंचं म्हणणं, तेवढं सोडलं तर कडकपणा उत्तम आला.

शेवटी रविवार पेठ गाठली. शिवणसामानाच्या दुकानांत माल पोटमाळ्यापर्यंत असतो आणि मालाहून जास्त प्रश्न गल्ल्यावर असतात.

'बकरम दाखवता?'

'कशाला? गळ्याला की कमरेला?'

'दाराला.'

'पडद्याची पट्टी वेगळी असते, ताई.'

'पडदा नाही हो. खणाच्या घड्यांचं गोल करायचंय, दारावर टांगायला.'

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. गळा, कंबर आणि पडदा, एवढ्यात त्यांचं विश्व संपत होतं आणि मी चौथीच वस्तू घेऊन आले होते. पण माणूस जुना होता. क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, 'धुणार का?'

हा प्रश्न लाखातला. जुन्या पद्धतीचं बकरम म्हणजे विरळ सुती कापडाला खळ नाहीतर सरस पाजून वाळवलेलं. कोरडं असेपर्यंत त्याचा तोरा बघावा, एका धुण्यात ते पुन्हा मूळचं गरीब कापड होतं. पेस्टिंगचं तसं नाही. त्याच्या एका अंगाला डिंकाचे बारीक ठिपके असतात, गरम इस्त्रीनं ते वितळून वरच्या कापडाला धरतात. मात्र इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची, दाबायची, दहाबारा सेकंद थांबायचं, उचलायची आणि पुढे ठेवायची. शिवाय कापड गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, आणि आमच्याकडे हेच कुणाला जमत नाही. लगेच टोक उचलून 'चिकटलं का' बघायचं असतं. मग ते अर्धवट सुटतं आणि पहिल्या धुण्यानंतर फुगे येतात. खण आधी भिजवून आटवून घेतला नाही तरी तेच. आतलं जागेवर राहतं, बाहेरचं आक्रसतं आणि दोघांच्या भांडणात चुण्या पडतात.

विणलेलं घ्यावं की न विणलेलं, यावर दुकानदार आणि मी बराच वेळ रमलो. विणलेल्याला उभा धागा असतो, आडवा असतो आणि उरेब धरली की ते ताणतं, म्हणजे कापताना डोकं वापरावं लागतं. न विणलेलं कसंही कापा. ते आलं जर्मनीतून. वाइनहाइम गावच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीचा मूळ धंदा चामडं कमावायचा. कृत्रिम चामड्याला पाठीमागून आधार हवा म्हणून तंतू न विणताच एकमेकांना धरून ठेवायचे प्रयोग तिथे चालले होते, आणि १९४८ मध्ये त्यातून कपड्यांच्या पोटात घालायचं 'फ्लीझेलिन' निघालं. चामड्याच्या कारखान्यातून निघालेली वस्तू आज आपल्या ब्लाउजच्या गळ्यात बसली आहे, आणि गळ्याला त्याचा पत्ता नाही.

आतल्या ताठपणावर शहरंच्या शहरं जगली आहेत हो. भाचीच्या न्यू जर्सीहून वर न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. १८२७ च्या सुमारास तिथल्या हॅना माँटेग्यू या बाईंना नवऱ्याचे शर्ट धुण्याचा कंटाळा आला. शर्ट स्वच्छ, मळते ती कॉलर, आणि धुवायचा मात्र अख्खा शर्ट. तेव्हा त्यांनी कॉलर कापली, तेवढीच धुतली आणि परत टाचली, असं सांगतात. त्या वेळी नवरा कुठे होता हे कुणी सांगत नाही. पुढे सुट्या कॉलरी विकायचा धंदा इतका फोफावला की ट्रॉयला 'कॉलर सिटी' म्हणायला लागले. कॉलरी शिवायच्या, धुवायच्या, खळ घालायच्या आणि तापल्या इस्त्रीनं कडक करायच्या, हे सगळं बायकांच्या हातचं. १८६४ मध्ये केट मुलानी या तरुणीच्या पुढाकारानं धुलाईवाल्या बायकांनी संघटना बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. पुरुषांच्या मानेचा ताठपणा आपल्या हातात आहे हे एकदा बायकांच्या लक्षात आल्यावर दुसरं काय होणार?

बकरम, पेस्टिंग, कॅनव्हास आणि पातळ स्पंज यांचा थोडाथोडा नमुना घेऊन मी मास्तरांकडे गेले. आमच्या कोपऱ्यावरचे मास्तर मोजून बोलतात. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना ती सवयच लागली आहे. त्यांनी सगळे तुकडे दोन बोटांत धरून वाकवून बघितले, एकावर एक ठेवले, टाचण्या काढल्या आणि म्हणाले, 'ताई, आत काय घालायचं ते नंतर बघू. आधी सांगा, सुई कुठून जाणार?'

समितीतल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. हिशेब करून बघा. पाच इंची चौकोनी तुकडा कर्णावर मोडला की दोन थर, तो त्रिकोण पुन्हा मोडला की चार. शेजारची पाकळी त्याच्यावर चढली की आठ, आणि दोहींच्या मध्ये तिसरी डोकावली तर बारा. खाली ज्या गोल कड्यावर पाकळ्या बसणार त्याचे थर निराळेच. आता प्रत्येक चौकोनाला आधीच सगळीकडून पेस्टिंग लावून ठेवलं असेल तर हे सगळं दुप्पट. चौदा नंबरची सुई तिथे नुसता 'टक' आवाज करून मोडते आणि तिचं टोक कुठे गेलं हे शोधायला चष्मा लावून सगळं घर गुडघ्यावर येतं. सोळा नंबरची कशीबशी जाते, पण मशीनचा पाय चढावर उभा राहतो आणि टाके लहानमोठे पडतात.

मास्तरांनी खडूनं चौकोनाचे चार भाग पाडले आणि एकावर बोट ठेवलं. 'एवढ्यालाच लावा. बाकी घडीत जाणार. आणि पाव इंच आतून कापा. मायेत बकरम यायला नको.'

इतकं साधं होतं ते. पेस्टिंग चौकोनाला न लावता चतकोराला लावायचं, घडी पडल्यावर ते दर्शनी बाजूच्या पाठीमागे बरोबर येतं. मायेत फक्त कापड, त्यामुळे सुईला वाट मोकळी. शिवाय चार पदरी घडी हाच मोठा आधार असतो. खिशातला रुमाल उलगडला की लुळा आणि घडीत असला की कसा बसतो. पाकळीला फार काही घालायची गरजच नव्हती, गरज होती कड्याला. आपण सगळे पाकळ्यांच्या मागे लागलो होतो, कारण कडं पाकळ्यांखाली झाकलं जाणार होतं. दिसणार नव्हतं ना.

मग ठरलं ते असं. कड्यात कॅनव्हास दुहेरी, दोहोंच्या मध्ये पातळ स्पंज, आणि त्यावर गोलगोल टिपा. वरच्या अर्ध्या पाकळ्यांना चतकोर पेस्टिंग, बाजूच्यांना त्याहून पातळ, खालच्यांना काही नाही. सासूबाईंना हा शेवटचा भाग पटला नाही. 'खालच्यांनी काय पाप केलंय?' असं म्हणत त्यांनी त्यांच्यापुरती साबुदाण्याची खळ शिजवायला घेतली.

खळीबद्दल मी वाईट बोलणार नाही. गांधी टोपीची धार आणि फेट्याचा तुरा तिच्या जिवावर उभे असतात, आणि तिचा खर्च मूठभर साबुदाणा. पण ती हवामानावर चालते. पावसाळ्यात रत्नागिरीला नेलेला कडक सदरा खेडच्या पुढे नरमतो. शिवाय खळीचं कापड ठेवलं की कसर आणि झुरळं तिथे पंगतीला बसतात. न्यू जर्सीला थंडीत बाहेर बर्फ, आत हीटर आणि दाराच्या काचेवर पाणी, तिथे खळीचा टिकाव काय लागणार? सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि शिजलेली खळ वाया नको म्हणून घरातल्या सगळ्या उशांच्या अभ्र्यांना घातली. आम्ही दोन रात्री पुठ्ठ्यावर झोपलो.

वस्तू देखणी झाली. हिरवा, जांभळा आणि डाळिंबी खण, काठ नेमके पाकळीच्या कडेला आणलेले. दारावर टांगून बघितलं तर बाराच्या पाकळ्या बारा वाजताही ताठ. अभियंत्यांनी बोटानं दाबून 'डिफ्लेक्शन नाही' असा दाखला दिला. काकूंनी उलटं करून मागची बाजू बघितली, कारण शिवणातलं ज्याला कळतं तो पुढची बाजू बघतच नाही.

पोचवायला ताई होती. भाचीची आई. डिसेंबरच्या आधीच तिचं तिकडे जायचं ठरलं होतं. तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांत चकलीची भाजणी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, जावयासाठी शेव आणि शेवेच्या फटींत कोंबलेले मोजे. इथे स्पंजाची खरी परीक्षा लागली. भाजणीच्या पिशवीखाली चेपून अमेरिकेपर्यंत जायचं आणि बॅग उघडल्यावर परत गोल व्हायचं, हे पुठ्ठ्याला आणि तारेला कधीच जमलं नसतं. मी रीथ तिच्यादेखत घडी घालून, वर बसून दाखवलं. उठले, ते टुणकन उलगडलं. ताई कौतुकानं बघत राहिली.

मग तिनं बॅगेला काटा अडकवून ती उचलली. अर्धा किलो जास्त. आम्ही दोघींनी मिळून भाजणीकडे बघितलं, शेवेकडे बघितलं, आणि एका शब्दाचंही बोलणं न होता दोन्ही वस्तूंना अभय मिळालं. ताईनं रीथ हातात घेऊन तोललं, कडं चाचपलं आणि मला म्हणाली, 'अगं, हे आतलं काढून घे ना. बाहेरून काय कळतंय?'